ॲशच्या धनुष्यातली बिजागरी

हाताने घडवलेले माझे पहिले लाकडी धनुष्य पुरे होऊन आता दोन आठवडे झाले. दोरी अडकवायच्या दोन खाचांमधले अंतर १७० सेंटिमीटर, मुठीच्या दोन्हीकडच्या भुजांची रुंदी मुठीजवळ ४५ मिलिमीटर आणि टोकांशी १२ मिलिमीटर, आणि २८ इंच ओढल्यावर ताण ३८ पौंड. काम सुरू केले तेव्हा मात्र माझ्या मनात ४५ पौंडांचे धनुष्य होते. मधले सात पौंड कुठे गेले हे सांगायला घेतले, की या कामात आलेल्या बहुतेक सगळ्या अडचणी ओघाने सांगून होतात, म्हणून आज ते सविस्तर लिहीत आहे.

सुतारकामात जोड देता येणे ही मोठी सोय असते. फळी आखूड पडली तर तुकडा जोडता येतो, सांधा सैल झाला तर पाचर मारता येते, खड्डा पडला तर लुकण भरता येते. अखंड लाकडाच्या धनुष्यात यातले जवळजवळ काहीच चालत नाही, कारण त्याचा प्रत्येक तंतू कामाला लागलेला असतो आणि वाकताना प्रत्येकावर भार येतो. इथे लाकूड काढता येते, घालता येत नाही. त्यामुळे एखादी जागा नको तितकी बारीक झाली, तर ती पुन्हा जाड करणे शक्य नसते आणि उरलेले सगळे धनुष्य तिच्या मापाने उतरवावे लागते. हे वाचायला सोपे वाटते. माझ्या हाताला ते पटायला चार महिने लागले.

१९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फात टिकून राहिलेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ओट्झी हा माणूस सापडला, तेव्हा त्याच्याजवळ यू वृक्षाच्या लाकडाचे १.८२ मीटर लांबीचे एक धनुष्य होते. ते अपुरे मानले जाते, कारण त्यावर हत्याराचे तासलेले घाव तसेच दिसतात आणि दोरी अडकवण्यासाठी खाचा केलेल्या नाहीत. मी त्याची छायाचित्रे अनेकदा पाहिली आहेत. एका बाजूने तासत आणलेली दांडी आणि अजून काढायचे राहिलेले लाकूड पाहिले, की आपल्या हातात आहे तीच अवस्था समोर दिसते, आणि त्या माणसाला पुढचा घाव कुठे घालायचा होता याचा विचार मनातून जात नाही.

मी ॲश या झाडाचे लाकूड निवडले. त्याचे तंतू लांब आणि सरळ असतात, ते सहज फुटते, आणि त्याची वार्षिक वलये इतकी स्पष्ट असतात, की शिकणाऱ्याला आपण कोणत्या थरावर आहोत हे डोळ्यांनी कळते. ओंडका करवतीने चिरला नाही, पाचरी ठोकून फोडला. करवत सरळ रेषेत जाते आणि वाटेत येणारे तंतू कापून टाकते, पाचर मात्र तंतूंच्या मधून वाट काढते. त्यामुळे फोडलेल्या तुकड्याचा आकार ओबडधोबड असला तरी तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. दोन्ही टोकांना लगेच सरसाचा जाड थर दिला, कारण तंतूंच्या उघड्या तोंडांतून ओलावा बाजूंच्या मानाने कितीतरी लवकर बाहेर पडतो आणि टोके आधी सुकून चिरतात.

पहिली चूक याच टप्प्यावर झाली. ओंडका फोडल्यावर साल लगेच काढायला हवी होती. ती मी तशीच ठेवली, आणि काही महिन्यांनी काढली तेव्हा सालीखालच्या सगळ्यात बाहेरच्या वलयावर किड्यांनी पोखरलेल्या बारीक नागमोडी खोबणी दिसल्या. ॲशच्या बाबतीत एरवी साल सोलली, की खालचा थर धनुष्याची पाठ म्हणून तसाच वापरता येतो. पाठ म्हणजे धनुर्धराच्या पलीकडची बाजू. ओढताना ती ताणली जाते, तर आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दबते. पाठीवरचे तंतू कुठेही तुटलेले चालत नाहीत, कारण तुटलेल्या तंतूच्या टोकाशी ढलपी उचलायला सुरुवात होते आणि ती उचलली, की धनुष्य तिथेच मोडते. म्हणून पोखरलेले वलय पूर्ण काढून त्याखालचे एक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड उघडे करणे भाग पडले.

हे काम दोन मुठींच्या, अंगाकडे ओढायच्या सुरीने केले, आणि सगळ्या कामात मला सर्वात जास्त आनंद यातच मिळाला. ॲशच्या प्रत्येक वलयात दोन भाग असतात. ऋतूच्या सुरुवातीला वाढलेला भाग मोठ्या छिद्रांचा आणि ठिसूळ असतो, नंतर वाढलेला भाग घट्ट आणि गुळगुळीत असतो. घट्ट भागातून सुरी जाते तेव्हा लांब, लवचीक पापुद्रा निघतो आणि फारसा आवाज होत नाही. छिद्रांच्या थराला सुरी लागली, की लगेच कुरकुर ऐकू येते, हाताला खरखर जाणवते आणि पापुद्र्याऐवजी चुरा पडू लागतो. तो आवाज ऐकू आला, की सुरी हलकी करायची, छिद्रांचा तो पातळ थर खरवडून काढायचा आणि खालचे घट्ट लाकूड चमकले, की थांबायचे. दुसऱ्या दिवसापासून मी डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विसंबून काम करत होतो. एका ठिकाणी, खालच्या भुजेवर असलेल्या छोट्या गाठीजवळ, वलय वर उचललेले होते आणि तिथे सुरी सरळ नेली असती तर तंतू कापले गेले असते. म्हणून गाठीभोवतीचे लाकूड लहान पटाशीने थोडे थोडे काढले आणि तेवढा उंचवटा तसाच राहू दिला. त्या जागी भुजेची रुंदीही तीन मिलिमीटर जास्त ठेवली, कारण गाठीच्या मधल्या लाकडावर भरवसा ठेवता येत नाही आणि सगळा भार तिला वळसा घालून जाणाऱ्या तंतूंनाच घ्यावा लागतो.

ओंडका फोडल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली होती. झाडाच्या तंतूंना पीळ होता आणि दांडीचे एक टोक दुसऱ्याच्या मानाने जवळपास १५ अंश फिरलेले होते. हा पीळ मुख्यतः वरच्या भुजेच्या शेवटच्या हातभर लांबीत होता. लाकूड वाफवून सरळ करण्याचा सर्वसाधारण हिशेब दर २५ मिलिमीटर जाडीला एक तास असा आहे. उष्णता आणि ओलावा यांमुळे तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारे लिग्निन मऊ पडते आणि थंड होताना लाकूड नवा आकार धरते. मी ती भुजा तासभर वाफवली, शिकंज्यात धरून उलट बाजूला पिळली, आणि सुटल्यावर ती थोडी परत फिरणार हे धरून गरजेपेक्षा चार-पाच अंश जास्त फिरवली. पहिल्या खेपेला पीळ निम्मा गेला, दुसऱ्या खेपेला जवळजवळ सगळा. त्यानंतर तीन आठवडे दांडीला हात लावला नाही, कारण वाफेने आत गेलेले पाणी बाहेर पडणे आवश्यक होते.

ओलाव्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तो दिसत नाही आणि त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होते. धनुष्याच्या लाकडात ८ ते १० टक्के ओलावा असावा. ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीत ठेवलेले लाकूड कालांतराने साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावते. याहून ओले लाकूड मोडत नाही, पण ओढल्यावर वाकलेलेच राहते. फार कोरडे लाकूड जोरदार बाण सोडते आणि एके दिवशी अचानक तडकते. माझ्याजवळ ओलावा मोजण्याचे यंत्र नव्हते, पण वजनकाटा होता. दर आठवड्याला दांडीचे वजन करून मी लिहून ठेवत असे, आणि सलग तीन आठवडे आकडा बदलला नाही, तेव्हाच पुढच्या कामाला लागलो.

आता मुख्य कामाकडे येतो. दांडी सर्वसाधारण आकाराला आली, की ती वाकायला शिकवायची असते. दोन्ही भुजा सारख्या वाकतील आणि प्रत्येक भुजा आपल्या संपूर्ण लांबीत आपापला वाटा उचलेल, अशा रीतीने पोटाकडचे लाकूड थोडे थोडे काढत जायचे. याला टिलरिंग म्हणतात. भिंतीला उभी फळी लावून तिच्या वरच्या टोकाशी मूठ टेकवायची, दोरीला हूक लावून ती खालच्या कप्पीतून फिरवायची, मध्ये ताणकाटा अडकवायचा आणि लांब उभे राहून हळूहळू ओढायचे. अशा रीतीने धनुष्य वाकत असताना समोरून नीट पाहता येते आणि ताण किती हेही कळते. नियम एकच, आणि तो कडक आहे. जितक्या पौंडांचे धनुष्य करायचे आहे, त्यापेक्षा जास्त ताण कोणत्याही टप्प्यावर द्यायचा नाही, मग दांडी दोनच इंच वाकलेली का असेना. लाकूड काढले, की प्रत्येक वेळी तीस-चाळीस वेळा हलके ओढून सोडायचे आणि मगच पुन्हा पाहायचे, कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच पूर्ण दिसत नाही.

यात हात जड पडला, की काय होते हे समजण्यासाठी एक हिशेब डोक्यात पक्का असावा लागतो. पट्टीचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणजे १५ मिलिमीटर जाडीच्या भुजेतून एकच मिलिमीटर काढला तर तिथला ताठपणा सुमारे १९ टक्क्यांनी कमी होतो, आणि टोकाजवळ जाडी १० मिलिमीटर असताना तोच मिलिमीटर काढला तर २७ टक्क्यांनी. सुताराच्या नजरेला एक मिलिमीटर म्हणजे साफसफाई. धनुष्यात तो एक मिलिमीटर म्हणजे चौथा हिस्सा. मला हे आकडे ठाऊक होते, तरीही वरच्या भुजेवर, मुठीपासून वीतभर अंतरावर, कानस एकाच जागी जास्त वेळ फिरली.

दांडी बारा इंच ओढली गेली त्या दिवशी ती जागा पहिल्यांदा दिसली. बाकीची भुजा सावकाश वळत होती आणि तिथे मात्र कोपर दुमडावे तसा बाक आला होता. याला बिजागरी म्हणतात आणि नाव अगदी योग्य आहे, कारण सगळी हालचाल तेवढ्या एका जागी एकवटते. मला तेव्हा वाटले, की तिथे लाकडाला काहीतरी फुगवटा असावा, तो काढून सारखा केला तर वळण सारखे होईल. दुसऱ्या दिवशी मी धनुष्य घेऊन आमच्या ओळखीच्या एका वयस्क सुतारकाकांकडे गेलो. शिकंजा त्यांचाच होता.

“काका, इथं जरा जास्त वाकतंय. इथलं थोडं उतरवू का?”

त्यांनी धनुष्य घेतले, गुडघ्याला लावून हलकेच वाकवले, आणि अंगठा त्या जागेवरून दोन-तीनदा फिरवला.

“अरे, वाकतंय म्हणजे तिथं कमी आहे. कमी आहे तिथलंच आणखी काढतोस? बाजूचं ताठ आहे ना, ते उतरव. ह्याला हात लावू नकोस.”

काकांनी जन्मात कधी धनुष्य केले नव्हते. पण बैलगाडीचे दांडे, कुऱ्हाडीच्या मुठी, लांब शिड्या यांचे लाकूड कुठे वाकते आणि का वाकते, हे त्यांच्या अंगठ्याला ठाऊक होते. घरी आल्यावर मी त्या जागेभोवती पेन्सिलीने एक लांबट वर्तुळ काढले आणि त्याच्या आत कोणतेही हत्यार जाणार नाही असे ठरवले.

पुढचा प्रश्न असा होता, की बाजूचे काढायचे, पण नेमके कुठले आणि किती. डोळा वळणाचा अंदाज घेतो, पण फसतोही, विशेषतः भुजेला नैसर्गिक चढउतार असतील तर. म्हणून १५ सेंटिमीटर लांबीचा एक सरळ ठोकळा घेतला, त्याच्या बरोबर मध्यावर छिद्र पाडले आणि त्यात पेन्सिलीचा तुकडा घट्ट बसवला. धनुष्य फळीवर थोडे ओढून धरले, की पोटाची बाजू अंतर्वक्र होते. ठोकळा तिच्यावर ठेवला तर त्याची दोन टोके टेकतात आणि मध्ये फट राहते. जिथे भुजा जास्त वाकते तिथे फट मोठी, जिथे कमी वाकते तिथे लहान. पेन्सिलीचे टोक सर्वात मोठ्या फटीइतके बाहेर काढायचे आणि ठोकळा भुजेवरून हलकेच सरकवत न्यायचा. बिजागरीवर ते जेमतेम टेकते आणि रेघ उमटत नाही. भुजा ताठ असेल तिथे मात्र पेन्सिल घासली जाते आणि काळी रेघ उठते. म्हणजे हा ठोकळा दोष कुठे आहे ते दाखवत नाही, लाकूड कुठून काढायचे ते दाखवतो. रेघ असेल तेवढेच खरवडायचे, तीस-चाळीस वेळा ओढायचे, आणि पुन्हा ठोकळा फिरवायचा. इतके साधे आणि इतके प्रामाणिक अवजार मी दुसरे वापरलेले नाही.

निम्म्या ओढीवर फटी मोजल्या तेव्हा मी खरोखर घाबरलो. निरोगी भागात ठोकळ्याखाली २ मिलिमीटर फट होती, म्हणजे तिथली भुजा सुमारे १४० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळत होती. बिजागरीवर फट ३.५ मिलिमीटर होती, म्हणजे त्रिज्या ८० सेंटिमीटर. भुजेची जाडी त्या वेळी १६ मिलिमीटरच्या आसपास होती. वाकलेल्या पट्टीचा पृष्ठभाग किती टक्के ताणला किंवा दबला जातो हे काढायचे तर निम्म्या जाडीला त्रिज्येने भागायचे. निरोगी भागात हा आकडा अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर येतो, बिजागरीवर पूर्ण एक टक्का येतो. बहुतेक लाकडांची सहनशक्ती याच सुमारास संपते. धनुष्य अजून निम्मेच ओढले होते आणि त्या एका जागी लाकूड आपल्या मर्यादेला पोहोचले होते. मी तसेच पुढे ओढत गेलो असतो, तर बाकीच्या भुजेची निम्मी ताकद वापरली जाण्याआधीच ते मोडले असते.

त्या रात्री टॉर्च भुजेच्या पोटाला जवळजवळ समांतर धरून त्या वर्तुळाच्या आत नीट पाहिले. समोरून पाहताना काहीच दिसत नव्हते, पण तिरप्या प्रकाशात तंतूंच्या आडवी, केसाइतकी बारीक, सुमारे एक सेंटिमीटर लांबीची एक रेषा दिसली. नखाने चाचपली तर किंचित उंचवटा लागला. ती चीर नव्हती, दाबाखाली तंतू चुरगळून बसलेली घडी होती. लाकूड तंतूंच्या दिशेने ताण जितका सोसते तितका दाब सोसत नाही, म्हणून धनुष्य थकते ते बहुधा पोटाकडून. यूचे लाकूड धनुष्यासाठी नावाजले जाते ते याच कारणाने, कारण त्याचा गाभा दाब उत्तम सोसतो आणि गाभ्याबाहेरचे फिके लाकूड ताण उत्तम सोसते. झाडाने आपणच दोन थरांचे धनुष्य करून ठेवलेले असते. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलेल्या मेरी रोझ या इंग्रज युद्धनौकेवर यूची शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली, आणि त्यांपैकी पुष्कळांचा ताण शंभर पौंडांच्या वर असावा असा अंदाज आहे. ॲशला हे दुहेरी देणे नाही. त्याला रुंद, सपाट पोट द्यावे लागते, म्हणजे दाब जास्त तंतूंमध्ये वाटला जातो. डेन्मार्कमधल्या होल्मगार्ड येथे सापडलेली, एल्म या झाडाच्या लाकडाची धनुष्ये सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची आहेत आणि त्यांच्याही भुजा रुंद आणि चपट्या आहेत.

त्या रेषेने ४५ पौंडांचा प्रश्न निकाली काढला. चुरगळलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत. ती जागा वाचवायची तर दोन गोष्टी करणे आवश्यक होते. एक म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड इतके उतरवायचे, की वाकण्याचे काम तिच्याकडून निघून शेजाऱ्यांकडे जाईल. दुसरी म्हणजे एकूण ताणच कमी करायचा. बाजूचे लाकूड उतरवले, की एकूण ताण आपोआप कमी होतो, त्यामुळे हे दोन निर्णय प्रत्यक्षात एकच होते. कानस बाजूला ठेवली आणि काचेच्या तुकड्याने खरवडायला सुरुवात केली, कारण काचेने एका हाताला कागदापेक्षाही पातळ भुकटी निघते आणि चूक करायला वेळ लागतो. ठोकळा, काच, चाळीस वेळा ओढणे, पुन्हा ठोकळा, असे अठरा दिवस चालले. वरची भुजा हलकी झाली तशी खालची तिच्या मानाने ताठ झाली आणि तिच्यातूनही तितकेच काढावे लागले, म्हणजे एका वितीच्या जागेत झालेल्या चुकीपायी १७० सेंटिमीटरची सगळी दांडी खाली उतरवली. शेवटच्या मोजणीत पूर्ण ओढीला बिजागरीवरची फट आणि तिच्या शेजारची फट यांत फरक उरला नाही. ती आडवी रेषा अजून आहे, पण वाढलेली नाही.

या काळात एक दिशाभूल झाली, तीही नोंदवतो, कारण तिच्यात माझे चार दिवस गेले. फळीवर दोन्ही भुजा अगदी सारख्या दिसत होत्या, पण हातात घेऊन ओढले, की खालची भुजा जास्त झुकत होती. मी खालच्या भुजेत दोष शोधत राहिलो. दोष भुजेत नव्हताच. फळीवर मी मुठीचा बरोबर मध्य टेकवत होतो आणि हूकही दोरीच्या मध्यावर लावत होतो. हातात धरताना मात्र बाण मुठीच्या वरून जातो, हाताचा दाब मध्याच्या खाली येतो आणि बोटेही दोरीला मध्याच्या जरा वर धरतात. धनुष्य ज्या रीतीने वापरले जाणार त्याच रीतीने ते फळीवर धरले नाही, तर फळी वेगळ्याच धनुष्याबद्दल सांगते. आधार आणि हूक यांच्या जागा हातातल्या स्थितीप्रमाणे बदलल्या, त्यानुसार वरच्या भुजेतून आणखी थोडे काढले, आणि दोरी चढवलेल्या स्थितीत खालची भुजा किंचित ताठ ठेवली. वरच्या भुजेपासून दोरीचे अंतर आता खालच्यापेक्षा ४ मिलिमीटर जास्त आहे.

दोरी मुठीच्या मध्यावरून न जाता डावीकडे सरकणे ही अडचण त्या मानाने लवकर सुटली, कारण तोपर्यंत विचार करण्याची दिशा सापडली होती. भुजेची एक कड दुसरीपेक्षा पातळ असेल, तर भुजा वाकताना त्या पातळ कडेकडे कलते आणि दोरीलाही तिकडे नेते. दोरी डावीकडे जात होती, म्हणजे डावी कड पातळ होती आणि काढायचे होते ते उजव्या कडेकडचे. काचेचे दहा-बारा हात मारून पाहिले, दोरी थोडी सरकली. तीन बैठकींत ती मध्यावर आली, आणि उरलेले दोन मिलिमीटर खाचेची एक बाजू किंचित खोल करून भागवले.

दोरी जवसाच्या धाग्याची वळली आणि तिला मेण चोळले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांचे ताल, चाप, दारव आणि शार्ङ्ग असे प्रकार दिले आहेत आणि प्रत्यंचेसाठी मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु आणि स्नायू ही द्रव्ये सांगितली आहेत. यादीतला दारव म्हणजे माझ्यासारखा लाकडी प्रकार. दोरी धनुष्याच्या ताणाच्या किमान चौपट भार सोसणारी असावी, कारण बाण सुटल्यावर ती एका क्षणात ताठ होते तेव्हा तिच्यावर ओढीच्या ताणापेक्षा पुष्कळ जास्त भार येतो. पहिल्या दिवशी माझी दोरी इतकी सैलावली, की मुठीपासूनचे अंतर १६ सेंटिमीटरवरून १३ वर आले. दोन फेऱ्या पीळ वाढवला आणि दुसऱ्या दिवसापासून ती स्थिर झाली. बाण न लावता दोरी कधीच सोडू नये हेही इथेच लिहितो, कारण बाणात जाणारी सगळी ऊर्जा तेव्हा भुजांनाच पचवावी लागते.

दोरी उतरवल्यावर आता धनुष्याची टोके मूळ सरळ रेषेपासून ३ सेंटिमीटर आत आलेली असतात. यातला बराचसा बाक बिजागरीच्या दिवसांत आलेला आहे, हे माझ्या वहीतल्या मोजमापांवरून स्पष्ट दिसते. आतापर्यंत दोनशेहून अधिक बाण सोडून झाले. दर पन्नास बाणांनी टॉर्च तिरपी धरून ती रेषा पाहतो, आणि ती तेवढीच आहे. जवसाचे तेल लावताना तिच्याभोवतीचे पेन्सिलीचे वर्तुळ मी पुसले नाही.

त्याच ओंडक्याचा दुसरा अर्धा भाग भिंतीला आडवा टांगलेला आहे. त्याची साल मी आधीच काढली, टोकांना सरस लावला, आणि त्याला पीळ कमी आहे. गेल्या रविवारी त्याचे वजन ३,४१० ग्रॅम भरले, त्याआधीच्या रविवारी ३,४४०. अजून दोन-तीन आठवडे लागतील असे दिसते. तोवर ठोकळ्यातला पेन्सिलीचा तुकडा झिजून आखूड झाला आहे, तो बदलून ठेवतो.